खुणेवरचं दूध

"पाटलाच्या घरचं दूध लावू नका, मास्तरीणबाई," शेजारच्या मनकर्णाबाईंनी प्रतिमेला धाड गावात आल्या-आल्याच सांगितलं होतं. "वाईट असते असं नाही म्हणत मी. पण चांगलं नसलं तं तोंड उघडता येत नाही, अन् नको झालं तं बंद करता येत नाही."

प्रतिमेनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. मनकर्णाबाई म्हणजे देवळातल्या पुजाऱ्याची विधवा बहीण. दिवसभर वाती वळायच्या आणि वाती वळता वळता गावातल्या एकेकाची सालं काढायची, हा त्यांचा उद्योग. अशा बाईनं नागपूरच्या कॉलेजातून इंटर सायन्स झालेल्या मुलीला दुधाबद्दल चार गोष्टी सांगाव्यात, याचं तिला हसूच आलं. ती हसली, मान डोलावली, आणि पुढच्या पंधरवड्यातच पाटलाच्या घरची चरवी तिच्या ओट्यावर येऊ लागली.

न येऊन सांगते कुणाला? बेबी पाच महिन्यांची. नाव शैलजा ठेवलेलं, पण त्या नावानं हाक मारण्याइतकी ती अजून झालीच नव्हती. धाडला पाऊल टाकलं आणि प्रतिमेला हिवतापानं गाठलं. ताप गेला तो अंगावरचं दूध घेऊनच गेला. तिचा नवरा लक्ष्मीकांत इथल्या शाळेत मास्तर. त्यानं गावभर चौकशी केली, पण विकतचं दूध कुठंच नव्हतं. या भागात शेतकऱ्याच्या घरी कच्चं दूध विकायची रीत नाही. दुधाचं दही लावायचं, ताक करायचं, तूप कढवून बाजारच्या दिवशी न्यायचं. दूध कुणाला दिलंच तर शेजारधर्म म्हणून, आणि तेही दोन थेंब पाणी टाकून. म्हणजे जनावराला दृष्ट लागत नाही. प्रतिमेनं हिशोब केला. गावात जितकी घरं, तितक्या मापाचे दोन थेंब.

पाटलांचं घर त्याला अपवाद होतं, निदान भगवंतराव पाटील तसं सांगत. शाळेची इमारत त्यांनी दिलेली, मास्तरांचं राहतं घर त्यांचंच, जिल्ह्याच्या शाळा चालवणाऱ्या कौन्सिलात त्यांच्या शब्दाला वजन. पण भगवंतरावांना अभिमान होता तो यांतल्या कशाचा नव्हता. त्यांना अभिमान होता आपल्या यंत्रांचा. ओसरीवर हवामानाचं एक गोल यंत्र टांगलेलं होतं. त्याचा काटा वादळाच्या खुणेवर कधीचा अडकलेला, आणि पाटील त्याच्याखाली बसून बिनघोर पान लावीत. देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी ताप मोजायची नळी. शेतात निंदणाऱ्या बाया किती वेळ बसतात ते गच्चीवरून बघायला दुर्बीण. या सगळ्या वस्तूंना ते एकच नाव देत, मीटर. आणि अलीकडे नागपूरच्या जनावरांच्या प्रदर्शनातून त्यांनी दुधाचं मीटर आणलं होतं. मास्तरांच्या घरचं दूध त्या मीटरनं तपासून जातं, हे त्यांनी लक्ष्मीकांतला भर शाळेत, पोरांसमोर सांगितलं. लक्ष्मीकांत घरी येऊन ते असं सांगत होता की जणू सनदच मिळाली.

प्रतिमेला पाटील पहिल्या भेटीतच कळले. कॉलेजात असे दोघे-तिघे असायचे: प्रयोग करायचे नाहीत, पण काचेच्या नळ्या उजेडाकडे धरून बघत उभे राहायचे. तरी तिला वाटलं, मीटर म्हणजे मीटर. हात कुणाचाही असो, नळी काही खोटं बोलत नाही.

बेबी दूध प्यायची. तक्रार करत नव्हती. तिला वाढवायला मात्र दूध राजी नव्हतं.

ही गोष्ट आधी करदोट्यानं सांगितली. धाडला निघताना बेबीच्या कमरेला नवा काळा करदोटा बांधला होता, तेव्हा लक्ष्मीकांतची आत्या म्हणाली होती की महिन्या-दोन महिन्यांनी गाठ सैल करावी लागेल, नाहीतर पोटावर रुतेल. गाठ सैल करायची वेळ आलीच नाही. उलट आंघोळ घालताना करदोटा मांडीपर्यंत घसरू लागला. पायांतले वाळे टाचेवरून निघून यायचे. प्रतिमेनं एकदा तिला बाजारातल्या धान्याच्या काट्यावर घालून बघावं असं सुचवलं, तर लक्ष्मीकांत दचकला. लेकराला तोलत नाहीत, म्हणाला. तोललेलं लेकरू वाढत नाही. बी.ए., बी.टी. झालेला माणूस.

दवाखान्यातल्या कंपाउंडरनं बेबीच्या तोंडात बोट घालून दात येताहेत असं निदान केलं. प्रतिमेनं विचारलं की दात पायांतून येतात काय, पाय का वाळताहेत. तर त्यानं गुलाबी रंगाचं औषध दिलं. वास घेतल्यावर कळलं, ते बडीशेपेचं पाणी होतं. ते तिनं तुळशीला घातलं.

मनकर्णाबाई येता-जाता भांड्यात डोकावत. एकदा म्हणाल्या, दुधावर साय काऊन धरत नाही हो तुमच्या? प्रतिमा म्हणाली, साय भांड्यावर असते, आचेवर असते, वाऱ्यावर असते. मनकर्णाबाईंनी वातीला पीळ दिला. तो पीळ मात्र प्रतिमेला झोंबला. मग तिनं ठरवलं की बायकांच्या या साय-बियला एकदाचं शास्त्रानंच उत्तर द्यायचं.

तिच्याजवळ लग्नातल्या अत्तराची एक बाटली होती. काचेचं घट्ट बसणारं बूच. बूच लावलं की जास्तीचं काठावरून ओघळून जायचं आणि आत दर वेळी नेमकं तेवढंच उरायचं. घनता काढायला आणखी काय लागतं? एवढ्या जागेत मावणाऱ्या पाण्याचं वजन घ्यावं, तेवढ्याच जागेतल्या दुधाचं घ्यावं, आणि दुसऱ्याला पहिल्यानं भागावं. पाणी एक धरलं तर चांगलं दूध एक पूर्णांक तीस सहस्रांशाच्या आसपास भरतं. पाणी घातलेलं दूध त्याच्या खाली येतं. इतकं सोपं. पहिल्या वर्षाची मुलंही काढतात.

काटा तेवढा बारीक हवा होता, आणि तो गावात एकाकडेच होता: मोतीराम सोनाराकडे. मोतीरामला बाटलीचं काही वाटलं नाही, पण त्याच्या काट्यावर दूध चढायचं म्हणजे त्याला ते अपशकुनासारखं वाटत होतं. शेवटी बोहनी झाल्यावर, पारड्यात पिंपळाचं पान ठेवून, त्यानं तोललं. दुकानापुढे चार माणसं जमलीच. मास्तरणीनं दूध सोन्याच्या काट्यावर टाकलं, आता मंगळसूत्र दुधाचं घडवणार काय, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. प्रतिमेनं मान वर केली नाही. असल्या हसण्यांना उत्तर द्यायचं तर आयुष्य पुरत नाही.

रिकाम्या बाटलीचं वजन वजा जाता पाणी नऊ तोळे भरलं. दूध भरलं नऊ तोळे, तीन मासे, दोन गुंजा. तिनं तिथंच, मोतीरामच्या पाटीवर, तोळ्या-माशांच्या गुंजा केल्या: पाण्याच्या आठशे चौसष्ट, दुधाच्या आठशे नव्वद. भागाकार केला. एक पूर्णांक तीस सहस्रांश.

अगदी पुस्तकात दिल्याबरहुकूम. कॉलेजात तिचा आकडा इतका नेमका कधी आला नव्हता.

घरी येऊन तिनं मनकर्णाबाईंना मुद्दाम बोलावून सांगितलं. घनता म्हणजे काय तेही सांगितलं, आवाज जरा चढवूनच. मनकर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पोरगी काऊन सुकून राह्यली?" प्रतिमेनं त्यांना बाळांच्या संगोपनाचं पुस्तक दाखवलं. त्या पुस्तकात लिहिलं होतं की गाईचं दूध बाळाला जसंच्या तसं पचत नाही. त्यात निम्मं पाणी आणि थोडी साखर घालावी. दूध चांगलं आहे हे आता सिद्धच झालं होतं. तेव्हा प्रतिमा ते पाणी पूर्वीपेक्षा काटेकोरपणे, चमच्यानं मोजून घालू लागली.

बेबीनं रडणं कमी केलं. लोक म्हणू लागले, गुणी पोर आहे हो. प्रतिमा मात्र दाराशी बसून तिचा श्वास बघत राहायची. भुकेनं रडणाऱ्या मुलाची तिला भीती नव्हती. तिला भीती होती ती मुलीच्या या गुणीपणाची.

मग एका सकाळी पाटलांचा गडी आलाच नाही. त्याच्या घरी कुणीतरी आजारी होतं. प्रतिमेनं बेबीला कडेवर घेतलं, रिकामी चरवी घेतली आणि स्वतःच पाटलांकडे निघाली. मागच्या दारानं गेली, म्हणून पुढं जे दिसलं ते दिसलं. पुढच्या दारानं गेली असती तर ओसरीवर चहा मिळाला असता आणि बंद पडलेल्या यंत्राखाली बसून वादळाच्या गप्पा ऐकाव्या लागल्या असत्या.

मागच्या पडवीत पितळेची रुंद परातींसारखी भांडी ओळीनं मांडलेली. आदल्या संध्याकाळचं गाईचं दूध त्यांत रात्रभर निवत ठेवलेलं. भगवंतरावांची बायको, रुक्मिणीबाई, सोवळ्यात बसून शिंपल्यानं त्यावरची साय आणि सायीखालचा दाट थर अलगद काढून घेत होत्या. एक थेंब सांडत नव्हता. प्रतिमेला बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या की देवीपुढच्या अखंड दिव्याला लागते बाई; सासूबाईंचा नवस, घरच्या गाईचं तूप, त्यात खंड नाही. त्या भल्या बाई होत्या. कपट त्यांना जमलंच नसतं. त्यासाठी निदान दोन गोष्टी एका वेळी मनात धराव्या लागतात.

साय काढलेलं ते दूध एका उंच तांब्याच्या भांड्यात ओतलं गेलं. आणि मग भगवंतराव आले. आंघोळ झालेली, कपाळाला गंध, हातात मखमलीची पेटी. पेटीतून त्यांनी ती काचेची नळी काढली, जशी शाळिग्रामाच्या संपुष्टातून काढावी तशी, आणि दुधात सोडली.

नळी वर आली. लाल खूण दुधाच्या बरीच वर तरंगत राहिली.

"पाहा," पाटील तिला म्हणाले. "किती जड दूध आहे आमच्या गाईचं. मीटर बुडूनच नाही राह्यलं. हे असंच लेकराच्या पोटात गेलं तं दगडासारखं बसंन."

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. आतलं पाणी धार धरून दुधात सोडू लागले. थांबत, वाकून बघत, पुन्हा सोडत. नळी हळूहळू खाली उतरली. लाल खूण दुधाच्या काठाला टेकली तसा त्यांनी तांब्या बाजूला ठेवला, ओलं बोट धोतराला पुसलं आणि समाधानानं मान हलवली. "आता खुणेवर आलं. तुमच्या लेकराचं दूध मी गड्याच्या हाती देत नाही, मास्तरीणबाई. रोज स्वतः खुणेवर आणतो."

प्रतिमेला आधी राग आला नाही. आधी तिला मोतीरामच्या पाटीवरचा आकडा आठवला. नऊ तोळे, तीन मासे, दोन गुंजा. का नाही बरोबर येणार? रोज सकाळी एक माणूस गंध लावून तो आकडाच तयार करत होता.

साय पाण्यापेक्षा हलकी. ती काढून घेतली की उरलेलं दूध जड होतं. त्यात पाणी घातलं की पुन्हा हलकं होतं. आधी काढायचं, मग घालायचं, आणि दोन्ही मिळून नेमकं त्या खुणेवर. चोरानं हे केलं असतं तर प्रतिमेला निदान त्याच्या डोक्याचं कौतुक वाटलं असतं. इथं चोर नव्हताच. एक बाई देवासाठी दुधातला जीव काढून घेत होती, एक पुरुष खुणेसाठी त्यात पाणी ओतत होता, दोघंही आंघोळ करून, आणि मधे तिची मुलगी वाळत होती. आणि त्यांनी जे पाणी घातलं त्यात ती स्वतः, पुस्तक बघून, आणखी निम्मं पाणी घालत होती.

तिनं आवाज खाली ठेवला. कडेवर मुलगी होती म्हणून ठेवता आला.

"पाटील, ही नळी दूध जड की हलकं एवढंच सांगते. साय किती आहे ते तिला दिसत नाही. साय काढली म्हणून नळी वर येते. पाणी घातलं म्हणून खाली जाते. यात दूध कुठं राहिलं?"

पाटलांनी तिच्याकडे बघितलं, मग नळीकडे बघितलं. "खूण तं बरोबर आली ना?"

"आली."

"मंग झालं तं." ते अगदी मायेनं हसले. "ज्या सायबानं ही खूण केली, तो काय येडा होता? त्यानं सगळा विचार करूनच लाल रंग लावला असंन नं. तुम्ही शिकल्या-सवरल्या, पण हे मीटरचं काम आहे. बायकांच्या हिशोबातलं नाही."

रुक्मिणीबाईंनी शिंपला धुतला. चरवी भरली गेली. प्रतिमेनं ती उचलली, कारण उचलण्यावाचून काही करता येत नव्हतं. मनकर्णाबाईंनी सांगितलं होतं ते हेच, पण तेव्हा तिला वाटलं होतं की त्या दुधाबद्दल बोलताहेत.

घरी तिनं लक्ष्मीकांतला सगळं सांगितलं. गणित मांडून दाखवलं. लक्ष्मीकांतला गणित कळलं. तो काही मूर्ख नव्हता. पण गणितापलीकडे त्याला शाळेची इमारत दिसत होती, राहतं घर दिसत होतं आणि कौन्सिल दिसत होतं. त्यानं खाटेचा सुंभ चाचपला. मग म्हणाला, "दूध येतं ते येऊ दे. प्यायचं की नाही, ते आपण आपल्या घरात ठरवू."

"म्हणजे ओतून द्यायचं?"

"ओतून म्हणजे… बाहेर कुणाला दिसेल असं नाही."

प्रतिमेला नवऱ्याची कीव आली, आणि कीव आली की तिच्या मागून जे येतं तेही आलं. इतका शिकलेला माणूस चरवीभर पांढऱ्या पाण्याला भितो. पण मुलगी कडेवर होती आणि वाद घालायला वेळ नव्हता. त्याच दुपारी ती मनकर्णाबाईंकडे गेली. मनकर्णाबाईंनी 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं प्रतिमेला नंतर पुष्कळदा वाटलं. त्या उठल्या आणि तिला नदीकडच्या वस्तीतल्या तानुबाईकडे घेऊन गेल्या. तानुबाईकडे दोन बकऱ्या होत्या. तीही दूध विकत नव्हती. बदल्यात तिनं एवढंच मागितलं की मास्तरणीनं तिच्या लेकीला पोलकं शिवायला शिकवावं.

बकरीचं दूध म्हटल्यावर लक्ष्मीकांतनं नाक मुरडलं. प्रतिमेनं ते तापवून एका पेल्यात झाकून ठेवलं आणि नंतर त्याला दाखवलं: वर जाडसर पांढरी साय. शेजारच्या पेल्यात पाटलांचं दूध. वर काही नाही, तळापर्यंत निळसर. तोळे नाहीत, मासे नाहीत. हा प्रयोग करायला नुसती वाट बघावी लागत होती, आणि कॉलेजात वाट बघायला कुणी शिकवत नाही. पुस्तकातलं पाणीही तिनं कमी केलं. किती कमी करायचं ते बेबीनंच ठरवलं.

पाटलांची चरवी रोज येत राहिली. प्रतिमा ती मोरीत ओतायची, वरून पाणी टाकायची, म्हणजे गड्याला वास लागू नये. बेबीला आधी आवाज आला. भुकेनं ओरडू लागली, आणि प्रतिमेला तो आवाज सनईसारखा वाटला. मग मांड्यांना वळ्या आल्या. मग एक दिवस आंघोळ घालताना करदोटा पोटावर रुतलेला दिसला. प्रतिमेनं गाठ सोडली आणि मोरीतच बसून राहिली, हात ओले, मुलगी मांडीवर पाय झाडतेय.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

शाळेच्या वार्षिक समारंभाला भगवंतराव अध्यक्ष. भाषणाच्या मधेच त्यांची नजर बायकांत बसलेल्या प्रतिमेवर गेली, आणि तिच्या मांडीवरच्या बेबीवर. त्यांनी मुलीला मागवून घेतलं. दोन्ही हातांनी वर धरलं, साऱ्या गावाला दिसेल असं. "हे पाहा," ते म्हणाले, "मीटरवरचं दूध. आलं तेव्हा मुठीएवढं होतं हे लेकरू." टाळ्या झाल्या. मोतीरामच्या दुकानापुढे हसलेले चौघे आता जोरात टाळ्या वाजवत होते. बेबीनं पाटलांच्या मिशा धरल्या, आणि सगळे आणखी हसले.

प्रतिमेनं लक्ष्मीकांतकडे बघितलं. तो व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभा राहून हात जोडत होता. तोंड उघडावं असं तिच्या मनात आलं. काय बोलणार? की हे तुमच्या दुधाचं नाही, ते आम्ही मोरीत ओततो? की हे तानुबाईच्या बकरीचं लेकरू आहे? तानुबाई मागे, शाळेच्या कुडाला टेकून उभी होती, पदरात तोंड लपवून हसत. तिला गंमत वाटत होती. प्रतिमेला नव्हती वाटत. तिनं मुलीसाठी हात पुढं केले. पाटलांनी मुलगी परत दिली, आणि पुढच्या उन्हाळ्यात लक्ष्मीकांतला साखरखेर्ड्याच्या शाळेची हेडमास्तरी मिळाली. पाटलांनी शब्द टाकला होता. आपल्या मीटरचा इतका चांगला पुरावा ज्यानं घरात पोसला, त्या मास्तराचं भलं करायला नको?

घर रिकामं करायच्या दिवशी नवे मास्तर बैलांच्या दमणीतून उतरले. उद्धवराव त्यांचं नाव. बायको पुण्याकडची, मॅट्रिक झालेली, नाजूक, आणि कडेवर चार महिन्यांचा मुलगा. तिलाही अंगावर दूध पुरत नव्हतं. हे तिनं उतरल्या-उतरल्या सांगितलं. प्रतिमेनं तिला स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. साय, पाणी, नळी, खूण. पेल्यात दूध ठेवून बघायला सांगितलं. तानुबाईचं घर कुठं ते सांगितलं.

त्या मुलीनं ऐकून घेतलं. मधे एकदा मनकर्णाबाई दारात येऊन "काऊन वो, दूध तापवू का?" असं म्हणाल्या, तेव्हा ते बोलणं ऐकून तिनं ओठ दाबून हसू आवरलं. मग अगदी अदबीनं म्हणाली, "पण तुमचीच मुलगी वाढली ना हो त्या दुधावर? पाटीलसाहेबांनी येतायेताच सांगितलं आम्हाला. इतक्या आडगावात लॅक्टोमीटर लावून दूध देतात, मला तर बाई केवढं कौतुक वाटलं." आणि तिनं मान डोलावली.

ते मान डोलावणं प्रतिमेनं ओळखलं. तिचं स्वतःचंच होतं ते.

दमणी चिखलीच्या रस्त्याला लागली तेव्हा ओट्यावर पाटलांची चरवी ठेवलेली तिला मागं वळून दिसली. ऊन पडून पितळ चकाकत होतं.

आता साखरखेर्ड्याहून धाडला जाणं होत नाही. लक्ष्मीकांत म्हणतो, त्यांचं ते बघतील. आपण कशाला वाईट व्हायचं. त्याच्या या बोलण्याला प्रतिमा आता उत्तरही देत नाही. बेबी धावते, पडते, बोबडं बोलते. आणि ती हसली की प्रतिमेला त्या दुसऱ्या मुलाचे हात आठवतात. दमणीतून उतरताना त्यानं आईच्या पदराची किनार घट्ट धरली होती. तेव्हा त्याच्या मनगटाला वळी होती.

म्हणून तिचं मागणं आहे, आणि ते तुमच्याकडेच आहे, कारण दुसऱ्या कुणाकडे करता येत नाही. बाजाराला, लग्नाला, कशालाही धाडला जाणं झालं, तर शाळेमागच्या घरात जरा डोकावा. पाणी मागा प्यायला. यंत्राबद्दल काही बोलू नका, घनता तर काढूच नका. ती बरोबरच येईल. त्या मुलाला उचलून घ्या आणि त्याच्या कमरेचा करदोटा बघा. रुतलेला असेल तर काही बोलू नका, या निघून. पण सैल असेल, आणि मूल रडत नसेल, तर उठू नका तिथून. त्याच्या आईला हाताला धरून तानुबाईच्या घरी न्या. ती हसेल तुम्हाला. हसू दे.